गल्ला जुळतो, माल जुळत नाही

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून चोरी करायला हॅकर लागत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या ठोक किराणा दुकानात ती काउंटरवरूनच होते, आणि रात्री गल्ला पैशापैशाला जुळतो.

रीत अशी. ४,२०० रुपयांचं बिल छापलं, गिऱ्हाईक रोख देऊन गेलं. मग तेच बिल उघडून त्यातला तेलाचा डबा उडवला, सेव्ह केलं, डब्याचे पैसे खिशात. बिल नंबर तोच, म्हणजे क्रमात खाडा नाही. तूट येते ती मालात, आणि मालाची मोजदाद मार्चशिवाय होते कुठे? तोवर उंदीर आहेतच नाव घ्यायला.

आपल्या भागात आणखी एक आडोसा मिळतो. एकच माल दोनदा चढवलेला असतो: मराठीत ‘तूरडाळ’, कन्नडमध्ये ‘तोगरी बेळे’. एकाचा साठा उणे, दुसऱ्याचा जादा, खरी तूट त्या गोंधळात बुडते. नावं दोन असोत, कोड एकच हवा.

छापलेलं बिल बदलताच येऊ नये. चूक झाली तर वेगळ्या क्रमांकाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी करणारी वेगळी चिठ्ठी, कारण आणि करणाऱ्याच्या नावासह. नुसतं ‘डिलीट’चं बटण लपवून भागत नाही, डेटाबेसमध्येच, म्हणजे नोंदी साठतात तिथंच, बिलांच्या तक्त्यावर प्रोग्रामला फक्त नवी नोंद घालण्याचा हक्क ठेवावा, बदलण्या-पुसण्याचा काढून घ्यावा. एवढं केलं की हात कच्च्या पावतीकडे वळतो. इस्टिमेट छापायचं, रोख घ्यायची, पक्कं बिल करायचंच नाही! म्हणून इस्टिमेटलाही क्रमांक, आणि पक्की न झालेल्यांची यादी रोज संध्याकाळी मालकाकडे. प्रत्येक दुरुस्तीला मेसेज मात्र नको. बाजाराच्या दिवशी तीस मेसेज आले की मालक वाचणं सोडतो.

रोख घेऊन बिलावर ‘यूपीआय’ मारलं, तर ती रक्कम गल्ल्यात कोणी शोधतच नाही. १२ आकडी व्यवहार क्रमांक सक्तीचा करा, तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ नका. तरी मनचे आकडे टाकता येतातच, तेव्हा रोज बँकेच्या खात्याशी जुळवणी हवी.

पासवर्ड सगळ्यांना एकच, तोही कॅलेंडरमागं लिहिलेला, तर वरचं सारं फुकट. नोंदीत नाव मालकाचंच येणार.

कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरला बदलांची, बंद न करता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. एकट्याच्या पेढीला ती सक्ती नाही, म्हणून विकत घेतानाच तपासा. विकणाऱ्यासमोर एक बिल करा, कॉम्प्युटरचं घड्याळ दोन दिवस मागं न्या, दुसरं करा. त्यावर मागची तारीख पडली तर पैसे देऊ नका.