सही २०११ ची, माणूस २००९ ला गेलेला

जुन्या कॅसेटी, पोस्टरं, कलाकारांच्या सह्या असलेल्या वस्तू ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे वाचावं. तरुणपणच्या आवडत्या बँडबद्दल मनापासून लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच वाचावं, कारण मला हेरलं गेलं ते माझ्याच लिहिण्यातून. खोट्या सह्यांच्या कॅसेटच्या एका फोटोपायी माझे दहा हजार रुपये गेले. त्याच फोटोवर अजून लोकांना गाठणं चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बँड म्हणजे इंडियन ओशन. २००० साली त्यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम आला तेव्हा मी नागपुरात कॉलेजात होते. धरमपेठेतून सायकलने बर्डीवर जाऊन पैसे साठवून घेतलेली ती कॅसेट आमच्या सगळ्या मैत्रिणींच्या घरांतून फिरली. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बास, अमित किलमचे ड्रम आणि असीम चक्रवर्तींचा तबला नि तो आवाज. शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचं. शब्द एकही कळत नव्हता आणि आख्खं पाठ होतं. नर्मदेवरचं गाणं लागलं की माझी आजी हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहायची. एरवी टेपचा आवाज कमी कर म्हणून ओरडणारी आजी त्या गाण्यापुरती गप्प असायची, आणि संपलं की म्हणायची, “आपली रेवामाय आहे ती.”

एकदा टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. दादाने तुटलेली टोकं ब्लेडने सरळ कापून सेलोटेपने जोडून दिली. तेव्हापासून शीर्षकगीतात एका जागी आवाज कचकन उडी मारायचा. आजही मोबाइलवर ते गाणं ऐकताना त्या जागी माझे कान ती उडी शोधतात. पुढे घर बदलताना ती कॅसेट हरवली.

हे सगळं मी मागे एकदा समाजमाध्यमावर लिहिलं होतं, आजी आणि सेलोटेपसकट. कॅसेट हरवल्याची हळहळही लिहिली होती. पोस्ट सगळ्यांना दिसेल अशी होती.

काही आठवड्यांनी एकाचा मेसेज आला. “ताई, मीही त्याच काळातला. तुमचं वाचून डोळे भरून आले.” त्याच्याही आजीला म्हणे नर्मदेचं गाणं आवडायचं, त्याच्याही कॅसेटची फीत तुटली होती. दिवसेंदिवस नुसत्या गप्पा चालल्या. विकायचा विषय त्याने काढलाच नाही. आपल्याकडे चौघांच्या सह्यांची ‘कंदिसा’ची कॅसेट आहे, आता परदेशी जायचंय, कुणा खऱ्या माणसाच्या हाती पडली तर बरं, एवढंच बोलून तो थांबला. किंमत मी विचारली.

साडेसहा हजार. एक हजार टोकन, बाकी पाठवण्याआधी. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव भलतंच दिसलं, विचारलं तर म्हणाला, “मेव्हण्याचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय.” कुरिअरच्या पावतीचा फोटोही आला. मग निरोप आला की वस्तू मौल्यवान असल्याने विम्याची अनामत भरावी लागेल, साडेतीन हजार, डिलिव्हरी झाली की परत. तीही मी भरली.

पार्सल वाटेत आहे म्हटल्यावर मला राहवेना. सह्यांचा जवळून घेतलेला फोटो असेल तर पाठव म्हटलं. त्याने लगेच पाठवला, आणि तिथे तो सापडला.

असीमदांच्या सहीखाली तारीख होती, २०११ मधली. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. ही तारीख मला शोधावी लागत नाही, ती बातमी वाचल्याचा दिवस माझ्या लक्षात आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने सही खरडायची आणि ती त्याच्याच चाहत्यांना विकायची, याची जी चीड आली ती पैशांपेक्षा फार मोठी होती.

मग फोटो मोठा करून नीट पाहिला. कॅसेटचं इनले कार्ड, म्हणजे डबीतलं छापील कव्हर, घडी घातलेलं असतं. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन घडीवरची छपाई उडते आणि पांढरी रेघ दिसू लागते. या फोटोतही ती रेघ होती. पण एक सही त्या घडीवरून पलीकडे गेली होती आणि तिची शाई कुठेच तुटली नव्हती, घडीच्या खोलगटीत जराही वाकली नव्हती. सह्या कागदावर नव्हत्याच, फोटोवर चढवलेल्या होत्या. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला तर तीच कॅसेट, तोच कोपरा दुमडलेला, कुणाच्या तरी जुन्या विक्रीच्या जाहिरातीत सापडली. तिथे एकही सही नव्हती.

आता पुढचं नीट वाचा, कारण दुसरा सापळा इथे आहे. मी त्याला सरळ लिहिलं की कॅसेट नको, पैसे परत कर. तो चिडला नाही, नंबर बंद केला नाही. “हो ताई, तुमचा विश्वास महत्त्वाचा,” म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, दहा हजार तुमच्या खात्यात जमा होतील. मी स्कॅन केलं, रक्कम दिसली, पिनची खिडकी उघडली. दादा समोर चहा पीत बसला होता. त्याने फोन बघितला आणि म्हणाला, “अगं थांब! पैसे घ्यायले पिन कशाला टाकून राहिली तू?”

तो नसता तर आणखी दहा हजार गेले असते. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. कुणी आपल्याला पैसे पाठवत असेल तर ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. हे मी कितीदा तरी वाचलेलं होतं, पण गेलेले पैसे परत मिळताहेत म्हटल्यावर माणसाचं लक्ष फक्त त्या आकड्याकडे असतं. हा डाव त्याच क्षणासाठी रचलेला असतो.

दादाने तिथूनच १९३० ला फोन लावून दिला. ही आर्थिक सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा नंबर), तारीख-वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, तेच विचारतात. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. फोन जितका लवकर तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात आणि ते काढून घेण्याआधी पकडले तरच गोठवता येतात. माझी विम्याच्या नावाखालची रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली. टोकन आणि कॅसेटचे पैसे तोवर काढून घेतले गेले होते. ज्याच्या नावावर ते खातं होतं तो मेव्हणा वगैरे कुणी नव्हता. कमिशन घेऊन वापरायला दिलेलं खातं होतं.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. परवानगीशिवाय पैसे गेले तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने संरक्षण दिलं होतं, पण आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते तसं लागू पडत नव्हतं. म्हणून चॅट खोडू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड अशा प्रकरणांत लागतं, पण पुरावा आपल्याच फोनमध्ये असतो.

वस्तू घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर ती हातात धरायला सांगा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा, कॅसेट उघडून फीत दाखवायला सांगा. खऱ्या संग्राहकाला याचा राग येत नाही, उलट तो तासभर दाखवत बसतो. सही कधी, कुठे घेतली ते विचारा आणि बँडच्या इतिहासाशी ताडून पाहा. आपण चाहते आहोत, या तारखा आपल्याइतक्या कुणाला पाठ असणार? सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले, हे ठाऊक असलं तर नंतरच्या तारखेची ‘चौघांची’ सही लगेच ओळखू येते.

घटना कळल्यावर ओळखीतून आणखी दोघं पुढे आले, एक अमरावतीचा, एक भोपाळची. फोटो तोच, आणि भोपाळच्या तिच्याशी बोलताना त्या भामट्याची आजी गायब होऊन तिथे वडील आले होते, कारण तिने वडिलांबद्दल लिहिलं होतं. खाली डावा कोपरा दुमडलेलं इनले कार्ड, काळ्या मार्करच्या चार सह्या, असा फोटो तुम्हाला आला असेल आणि पैसे दिले असतील, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. १९३० ला तक्रार करा आणि त्यात यूपीआय आयडी व मोबाइल नंबर न विसरता लिहा. त्या दोघांनी आणि मी तेच केलं, तेव्हा तिन्ही तक्रारींत एकच खातं निघालं.