साडेसात एकर, चिऱ्याचं घर आणि माझे ६,५०,००० रुपये

वेंगुर्ला-शिरोडा बाजूला जागा बघत असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांनी हे आधी वाचा. साडेसात एकर, काजूची बाग, चिऱ्याचं कौलारू घर, बारमाही विहीर, समुद्र दहा मिनिटांवर, किंमत ५८ लाख. मी विसार दिला ६,५०,०००. त्यातले २,००,००० बँकेतून आणि ४,५०,००० रोख, दोन वेळा, बेळगावात माझ्याच घरी. रोख देऊ नका. समोरचा कितीही 'काका, काका' करू दे, देऊ नका.

मी अडाणी नाही. खानापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. उतारा आणि ईसी (जमिनीवरच्या बोजाचा आणि नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला) पाहिल्याशिवाय आम्ही गुंठाभर जागा घेत नाही. या जागेच्या विकणाऱ्यालाही मी ईसी मागितलीच होती. तो म्हणाला, "काका, हय ईसी नसता, सातबारोच बघतत." हे अर्धं खरं होतं, म्हणूनच मी गप्प बसलो. आपल्यासारखी ईसी मागायची पद्धत तिकडे नाही. तिकडे वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध, म्हणजे सर्च, करून घेतात, सूची-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) काढतात. हे मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

सातबाऱ्याचा त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. वर त्याचं नाव, आणि खालचा भाग कापलेला. फोटो नीट आला नसेल, असं मी समजलो.

पण सावध व्हायची खरी वेळ ती नव्हती. जागा बघायला गेलो तेव्हा घरात एक म्हातारी होती. तिने पाणी दिलं. बायकोने सहज विचारलं, "आजी, घर तुमचंच ना?" ती म्हणाली, "ह्यां घर आमच्या सगळ्यांचां." सगळ्यांचं! तो लगेच आम्हाला विहीर दाखवायला घेऊन गेला. आंबोली घाट चढताना बायको म्हणाली, "सगळ्यांचं म्हणजे कुणाचं हो?" मी तिलाच गप्प केलं. ते वाक्य अजून रात्री झोपू देत नाही.

पुढे तो फोन उचलेना, तेव्हा मी डिजिटल सहीचा सातबारा काढला. १५ रुपये लागले. त्यावर १४ नावं आणि खाली 'सामाईक क्षेत्र'. वाटप झालेलंच नाही. त्याला विकता येईल तो फक्त त्याचा अविभक्त हिस्सा, घर नव्हे. बाकीच्या तेरा जणांना विक्रीचा पत्ताही नव्हता. आमचं विसारपत्र ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं, नोंदणी नाही. नोंदणीशिवाय पैसे सोडू नका.

मग पोलीस. तिकडचे म्हणाले, पैसे बेळगावात दिलेत, तिथे जा. इकडचे म्हणाले, जमीन महाराष्ट्रात आहे, तिथे जा. मराठी तक्रार चालणार नाही, कन्नडमध्ये आणा, म्हणाले. ६०० रुपये देऊन भाषांतर केलं, तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यायलाच हवी. ते कलम मी छापून नेलं. साहेबांनी कागद न वाचताच परत केला. अकरा खेपा झाल्या. एकच माणूस एका राज्यातली जमीन दाखवून दुसऱ्या राज्यात पैसे घेऊ शकतो, आणि दोन राज्यांचे पोलीस मिळून एक तक्रार घेऊ शकत नाहीत?

निपाणीच्या दोघांनीही याच घराचा विसार दिलाय, हे आता कळलं. आम्ही तिघं मिळून वकील करतोय. याच जागेच्या विहिरीचा फोटो परवा पुन्हा विक्रीसाठी फिरत होता. आणखी कुणी पैसे दिले असतील तर लाजू नका, पावती आणि बँकेचा उतारा घेऊन आमच्याबरोबर या.