हूक सोडलेली ट्रॉली रात्री दिसणार कशी? रेडियम, वायरिंगचे टेललाइट की बॅटरीचा दिवा

ट्रॅक्टर जोडलेला असेपर्यंत ट्रॉलीच्या लाइटची फारशी काळजी नसते. पंचाईत होते टायर बसल्यावर. मागच्या हंगामात ऊस भरलेली ट्रॉली माजलगाव रोडच्या कडेला लावली, चाक खोललं आणि ट्रॅक्टर पंक्चर काढायला गेला. ट्रॅक्टरमधून ट्रॉलीच्या वायरिंगचा प्लग उपसला तसे नवे कोरे टेललाइट नुसते शोभेचे झाले. रात्रभर मागं बाभळीची फांदी आणि चार दगड, एवढाच बंदोबस्त. तेव्हापासून ट्रॉलीला काही लावायचं म्हटलं की मी आधी एकच बघतो: हूक सोडल्यावर हे चालतं का?

रेडियम चालतं. मागं लाल, बाजूला पिवळं, पुढं पांढरं. ना वायर, ना बॅटरी. सगळ्यात स्वस्त, आणि ते नसेल तर बाकीचं घेऊच नका. पण रेडियमला स्वतःचा उजेड नाही. समोरच्याचा हेडलाइट त्यावर पडला तरच ते चमकतं, आणि गावाकडच्या निम्म्या मोटरसायकलींचे हेडलाइट कसे असतात हे आपल्याला माहीत आहे. त्यात चिखल बसतो, मागच्या फाळक्यावर उसाचे वाढे (शेंड्याचा पाला) लोंबतात. भरल्या ट्रॉलीचं रेडियम पन्नास पावलं मागं जाऊन एकदा बॅटरी मारून बघा, किती झाकलंय ते कळेल.

वायरिंगचे टेललाइट चालत्या ट्रॉलीला हवेतच. ब्रेक आणि इंडिकेटर दुसऱ्या कशानं दाखवणार? उभ्या ट्रॉलीला मात्र करंट बाहेरून द्यावा लागतो. घरात फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तीच उपयोगी पडते. साध्या टेललाइटचा बल्ब ५ वॉटचा. दोन बल्ब मिळून पाऊण-एक अँपिअर ओढतात, म्हणजे कागदावर दहा तास. दोन हंगाम वापरलेल्या बॅटरीकडून पहाटेपर्यंतची आशा धरू नका. काही जण जास्त उजेड पडतो म्हणून ब्रेकच्या २१ वॉटच्या बल्बांची तार जोडतात. मग दोन-सव्वादोन तासांत अंधार. एलईडी टेललाइट असतील तर त्याच बॅटरीवर रात्र निघते.

याच बॅटरीवर लाइट तपासताही येतात, ट्रॅक्टर लागत नाही. निगेटिव्ह तार चेसिसच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडाला लावा, पॉझिटिव्हमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाका आणि प्लगच्या एकेका पिनेला टेकवत जा. तारांच्या रंगावर विसंबू नका. मिस्त्री हाताला येईल ती तार जोडतात. इंडिकेटरच्या पिनेला करंट दिल्यावर टेललाइटही मिणमिणला तर बल्बला दोष देऊ नका, अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, गेलंय. आमच्या ट्रॉलीला अर्थिंगची वेगळी तारच नव्हती; सगळा करंट हुकाच्या पिनेतून परत जायचा. म्हणून जोडलेली असताना लाइट फडफडायचे आणि सोडल्यावर प्लगला बॅटरी लावली तरी पेटायचे नाहीत. पॉलिश पेपरनं दिव्याचे बोल्ट घासले, प्लगपासून दिव्यापर्यंत अर्थिंगची एक स्वतंत्र तार ओढली, भागलं.

तिसरा पर्याय चार्जिंगचा लाल एलईडी दिवा, खाली चुंबक असलेला. उभ्या ट्रॉलीसाठी माझं मत यालाच. पण एक घेऊ नका, दोन घ्या. मधोमध एकच दिवा लुकलुकत असला की मागच्याला वाटतं पुढं मोटरसायकल आहे, आणि तो बाजूनं काढायला बघतो. दोन्ही कडांना एकेक असला की रुंदी कळते. लुकलुकणारा लांबून नजरेत भरतो, पण अंतराचा अंदाज स्थिर दिव्यानं चांगला येतो; म्हणून मी दोन्ही स्थिर ठेवतो. ऊस असेल तर चुंबक विसरा, मागं आलेल्या उसाच्या टोकांनाच सुतळीनं बांधा.

रोडला धोकादायक रीतीनं वाहन किंवा ट्रॉली उभी ठेवणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ मध्ये बसतं. दिवा लावला म्हणून ट्रॉली डांबरावर ठेवायची मुभा मिळत नाही. साइडपट्टी असेल तर आधी खाली घ्या.

फक्त दिवसा कडबा, शेणखत वाहणाऱ्यानं रेडियम आणि चालू वायरिंगवर थांबावं. कारखान्याला ऊस घालणाऱ्यानं वरून दोन दिवे घ्यावेत, आणि डबल ट्रॉली असेल तर चार. कारण टायर पुढच्या ट्रॉलीचा बसला तरी रात्री दोन्ही रोडलाच राहतात.