माशी सरकवायची की नळी सरळ करायची?

एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातली, एके रायफल डावीकडे मारत असेल तर दोन वाटा असतात. माशी, म्हणजे पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण, सरकवून नेम जुळवायचा, नाहीतर रायफल उघडून नळीच सरळ करायची. पहिलं काम पाच मिनिटांचं, दुसऱ्यात सुट्टीची अख्खी दुपार जाते. तरी वेळ बघून ठरवू नका, छर्रा कसा चुकतोय ते बघून ठरवा.

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, हॉप-अप (छर्र्याला उलटी फिरकी देणारा रबराचा भाग) लावून घ्या आणि एकाच वजनाचे छर्रे वापरा. 0.20 आणि 0.25 ग्रॅमची सरमिसळ झाली की काहीच कळत नाही. 10 मीटरवर 3 सेंटीमीटर आणि 20 मीटरवर 6 सेंटीमीटर डावीकडे जात असेल, तर छर्रा सरळच जातोय, रेषा तेवढी तिरकी आहे. इथे माशी पुरते. पण 10 मीटरवर मध्यावर लागणारा छर्रा 30 वर एकदम वळत असेल, तर माशीला हात लावू नका. एक अंतर जुळेल, बाकीची बिघडतील.

माशीचं गणित सोपं आहे. एकेवर पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण 38 सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे माशी 1 मिलिमीटर सरकली की 20 मीटरवर फरक पडतो 5 सेंटीमीटरचा. छर्रा जिकडे जातो तिकडेच माशी ढकलायची. मागची खाच हलवायची असेल तर नेमकं उलटं. त्याआधी दाराच्या चौकटीला दोरा बांधून खाली एक नट लटकवा आणि त्या ओळंब्याशी माशी ताडून बघा. स्वस्त रायफलींत माशीचा अख्खा ठोकळाच कलंडलेला असतो. तसं असेल तर त्याचे स्क्रू सैल करून आधी तो उभा करा.

नळीचं काम जास्त नाजूक. मॅगझिन काढा, आत राहिलेला छर्रा मोकळ्या दिशेला मारून टाका, बॅटरी सोडवा. आतली नळी बाहेरच्या नळीत हलत असेल तर तोंडाजवळ टेपचे दोन-तीन वेढे द्या, पण ती हाताने अलगद सरकली पाहिजे. एम-4 या दुसऱ्या प्रकारच्या रायफलीत तर हॉप-अपची स्प्रिंग सगळी नळी मागे दाबून धरते. टेप जाड झाली की नळी अडकते, हवा गळते आणि मार कमी होतो.

माझी जुनी, कोणाची तरी वापरलेली एके मी कितीतरी रविवार माशी ढकलूनच वापरली. शेवटी माशी पार कडेला टेकली, तेव्हा उघडली. हॉप-अपचा रबर नळीवर जेमतेम केसभर फिरलेला होता. छर्र्याला वरून मिळायची ती फिरकी तिरकी मिळत होती, दोष तेवढाच. रबर सरळ बसवला आणि माशी पुन्हा मध्यावर आली.

6.08 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी काढून 6.03 ची घालायचा सल्ला बरेच जण देतात. रबर तिरका असेल तर नव्या नळीतूनही छर्रा वळणारच. शिवाय नळी बदलल्यावर वेग वाढू शकतो, म्हणून जपानमध्ये खेळणाऱ्यांनी तो पुन्हा मोजायलाच हवा, कारण तिथली कायदेशीर मर्यादा 0.98 ज्यूल आहे.

माझा हिशोब असा: माशी मध्यापासून 2 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवावी लागत असेल, तर तिथेच थांबायचं आणि रायफल उघडायची.