ॲटिकला सेल्युलोज टाकलं, मस्त आहे, पण आधी फटी बुजवा

न्यू जर्सीतली जुनी घरं म्हणजे जुलैत वरच्या मजल्यावर झोपवत नाही आणि जानेवारीत हीटिंग बंदच होत नाही. आमच्याकडे हेच चालू होतं म्हणून ॲटिकमधे, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, उष्णता अडवायला ब्लोन-इन (मशीनने फुंकून टाकायचं) सेल्युलोज टाकून घेतलं, आता पूर्ण हिवाळा काढल्यावर लिहितेय. पाचपैकी साडेचार.

सेल्युलोज म्हणजे जुन्या पेपरांचा भुगा, लवकर पेटू नये म्हणून बोरेट घातलेला. इंचाला साधारण आर-३.५ मिळतो (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा जितका मोठा तितकं चांगलं), फुंकून टाकायच्या फायबरग्लासला अडीचच्या आसपास, म्हणजे आर-४९ गाठायला एकाला १४ इंच आणि दुसऱ्याला जवळजवळ २० इंच थर लागतो. आमचं ॲटिक बुटकं, कडेला तर रांगतच जावं लागतं, त्यामुळे माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. वायरी-पाइपांच्या आजूबाजूलाही तो छान बसतो. अर्धा गुण कापला तो धुळीसाठी, बाई गं काय ती धूळ, एन-९५ मास्कशिवाय वर पाऊलही टाकू नका. आणि हा भुगा नंतर खाली दबतो, म्हणून बॅगवरच्या तक्त्यात दबल्यानंतरची जाडी बघूनच बॅगा मोजा. छत गळत असेल तर ते आधी दुरुस्त करा कारण हा पाणी धरून ठेवतो.

पण खरा फरक पडला तो एअर सीलिंगने, म्हणजे हवेच्या फटी बुजवल्याने. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि लाइटची भोकं, पाइपांच्या बाजूच्या फटी, ॲटिकचं झाकण, जिथून वाट मिळेल तिथून निघून जाते, वर कितीही भुगा ओता तो हवा पूर्ण अडवत नाही. म्हणून आधी फोम आणि कॉक (फटी भरायची पेस्ट) मारून सगळं बंद करायचं, चिमणीभोवती मात्र साधा फोम अजिबात नको, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच पाहिजे. कोटेशनला आलेला एक जण म्हणाला सीलिंगची गरज नाही ताई, डायरेक्ट टाकून देतो, त्याला मी सरळ नाही म्हटलं. सॉफिट व्हेंटपाशी, म्हणजे छपराच्या कडेखालच्या हवेच्या झरोक्यांपाशी, बॅफल (भुग्याने ती वाट बुजू नये म्हणून लावायच्या पट्ट्या) लावलेत का आणि बाथरूमच्या फॅनची नळी घराबाहेर जाते का हेही स्वतः वर चढून बघा, ॲटिकमधे वाफ सोडली तर बुरशी धरते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वर आधीच करड्या-सोनेरी रंगाचे चमकदार खडे दिसले तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पूर्वी ॲटिकमधे उष्णता अडवायला टाकायचे ते खनिज, असू शकतं, मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या मालात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज) होतं आणि अमेरिकेत विकलेलं बरंचसं तिथलंच. पोरांना वर जाऊ देऊ नका, सामान ठेवू नका, ॲस्बेस्टॉस तपासणाऱ्या-काढणाऱ्या माणसालाच बोलवा.

खर्चाचं म्हणाल तर अशा कामासाठीचं फेडरल टॅक्स क्रेडिट (केंद्राच्या करात मिळणारी सूट) २०२५ अखेर संपलं, पण वीज-गॅस कंपनीचं रिबेट मिळतंय का ते काम सुरू करायच्या आधी विचारा. स्वतः करणार असाल तर मोठ्या हार्डवेअर स्टोअरमधे ठराविक बॅगा घेतल्या की फुंकायचं मशीन फुकट वापरायला देतात, दोन माणसं मात्र लागतात, एक खाली बॅगा फोडायला आणि एक वर पाइप धरायला.