एल्ला ते अरुगम बे: ‘लास्ट बस गेली’ म्हणणाऱ्यांपासून सावध

श्रीलंकेत एल्लाहून अरुगम बेला सर्फिंगसाठी बसने जाणाऱ्यांना फसवणारे गाठतात ते बसमध्ये नव्हे, बस बदलताना. अंतर साधारण 130 किलोमीटर, टप्पे तीन: एल्ला ते वेल्लवाया, तिथून मोनरागला, मग पोत्तुविल. पोत्तुविलपासून अरुगम बे तीन किलोमीटर. सगळं मिळून चार-पाच तास धरा, बसची वाट बघण्यात जाईल तो वेळ वेगळा. साध्या बसने तिन्ही तिकिटं मिळून हजार श्रीलंकन रुपयांच्या आत भागतं. हा अंदाज डोक्यात असला की पुढच्या निम्म्या थापा जागच्या जागी कळतात.

खरा सापळा मोनरागला स्टँडवर. पाठीला सॅक दिसली की बसच्या पायरीपाशीच रिक्षावाल्याचा प्रश्न येतो, “अरुगम बे? लास्ट बस गॉन.” तेव्हा दुपारचे दोनही वाजलेले नसतात. शेजारचा दुसरा लगेच मान डोलावतो. तो त्याचाच माणूस. मग कारणं सुरू होतात. आज पोया आहे, बस बंद. पुढे लाहुगलाला संध्याकाळी हत्ती रस्त्यावर येतात, अंधार पडला तर कुणी नेणार नाही. थाप पचते ती तिच्यात थोडं खरं मिसळलेलं असतं म्हणून. पोया म्हणजे पौर्णिमा, आणि तिकडे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. पण बंद असतात ती दारूची दुकानं. बसच्या फेऱ्या फार तर कमी होतात. लाहुगलाचे हत्तीही खरे, पण म्हणून दुपारची बस रद्द होत नाही. संध्याकाळकडे फेऱ्या मात्र विरळ होत जातात, म्हणून एल्ला सकाळीच सोडा. दुपारी बाराला निघून संध्याकाळी मोनरागलात अडकलेला प्रवासी म्हणजे आयतं गिऱ्हाईक.

त्या माणसाशी वाद घालू नका. स्टँडवर टाइमकीपरची खोली असते, आपल्या एसटीच्या वाहतूक नियंत्रकाच्या केबिनसारखी. तिथे जाऊन फक्त “पोत्तुविल?” विचारा. ‘अरुगम बे’ म्हटलंत की पर्यटक ठरलात. ती खोली बंद असेल तर उभ्या बसच्या कंडक्टरला किंवा पाणी विकणाऱ्याला विचारा; ज्याला रिक्षाचं भाडं मिळणार नाही असा कुणीही चालेल. पोत्तुविलपलीकडच्या अक्करइपट्टूचा फलक लावलेली बस दिसली तर चढण्याआधी मार्ग विचारून घ्या. वाटेत सियंबलांडुवाला रस्ता फुटतो, एक पोत्तुविलला आणि दुसरा अंपाराला. भलत्या बसमध्ये बसलात की पुन्हा रिक्षावाल्यांच्याच तावडीत.

लाल बस सरकारी, बाकीच्या खासगी. खासगी बसमध्ये मागितल्याशिवाय तिकीट हाती पडेलच असं नाही, तेव्हा मागा. शेजारच्या माणसाने किती दिले ते बघून तेवढे सुटे पुढे करा. सॅकने सीट अडवली तर तिचे जादा पैसे मागणं मात्र फसवणूक नाही.

पोत्तुविलला उतरल्यावर शेवटच्या तीन किलोमीटरसाठी रिक्षा. भाडं बसण्याआधी ठरवायचं, आणि आपल्या लोकांनी एक गोष्ट जास्तीची विचारायची: कोणते रुपये? एका भारतीय रुपयात तीनहून जास्त श्रीलंकन रुपये येतात. ‘पाचशे रुपये’ ठरवून उतरताना ‘इंडियन’ म्हणणारे भेटतात, म्हणजे एका शब्दात भाडं तिप्पट. घाई नसेल तर पुढच्या पानमा गावाला जाणारी बस पूल ओलांडून अरुगम बेवरूनच जाते.

हे सगळं टाळायला काही जण एल्लातच ‘डायरेक्ट एसी शटल’ घेतात. ती घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. गाडीचा नंबर, सीट किती आणि उतरवणार कुठे, हे तिन्ही मेसेजवर लिहून घ्या. ‘अरुगम बे एरिया’ असं लिहिलं असेल तर पोत्तुविल स्टँडवर उतरायची तयारी ठेवा.

गावात पोचल्यावर दुसरा खेळ सर्फबोर्डाचा. भाड्याने बोर्ड देताना पासपोर्ट ठेवून घ्यायचा आणि परत करताना कडेवरची चीर दाखवून भरपाई मागायची. पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये असल्यामुळे तोंड उघडायची सोय उरत नाही. अनामत रोखच द्या, रक्कम कागदावर घ्या. बोर्ड घेतानाच मालकासमोर व्हिडिओ काढा: नाक, दोन्ही कडा, शेपूट, फिन (बोर्डाखालचे पर) बसवलेली जागा आणि लीशची (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीची) खाच. वॅक्सचा (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावतात त्या मेणाचा) थर किंवा स्टिकर नको तिथे, म्हणजे कडेवर, दिसला तर नखाने खरवडून बघा. जुनी चीर झाकायची हीच रीत. फिनच्या आजूबाजूला अंगठा दाबा; मऊ लागलं किंवा करकरलं तर आत पाणी शिरलेलं आहे, तो बोर्ड नकोच.

तरीही भांडण झालंच तर चीर नीट बघा. ताज्या चिरेत फोम पांढरा असतो आणि फायबरच्या कडा धारदार लागतात. जुनीत फोम पिवळट किंवा तपकिरी, आणि आत वाळू-वॅक्स बसलेलं. खरंच तुमच्याकडून फुटला असेल तर मालकाने सांगितलेला आकडा देऊ नका. अरुगम बेत बोर्ड दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडे बोर्ड नेऊन दर विचारा आणि पैसे तिथेच द्या. नवशिक्यांनी फायबरचा बोर्ड घेऊच नये. मऊ फोमचा आठ फुटी घ्या आणि बेबी पॉइंटला शिका, तिथे तळाला वाळू आहे. मेन पॉइंटला खडक आहेत, आणि ‘लाट एकदम सोपी’ म्हणत नवख्याला फायबरचा बोर्ड देऊन तिकडे धाडणाऱ्याला तो फुटणार हे पक्कं ठाऊक असतं.

पासपोर्ट अडवला तर पोलिसांचा नंबर 119, पर्यटकांसाठीची हेल्पलाइन 1912. बसभाड्याची तक्रार असेल तर 1955 वर करा आणि बसचा नंबर सांगा. 1912 हे आकडे मालकासमोर फोनवर दाबायला लागलात की बहुतेक वेळा पासपोर्ट तेवढ्यावरच बाहेर येतो.