शिंकान्सेनमधून जपान: वेग भरपूर, दर्शन बेताचे

टोकियोहून क्योटोला शिंकान्सेनने, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनने, जाणे हा जपानच्या सहलीतला जवळजवळ ठरलेला भाग असतो, आणि आम्हीही तो चुकवला नाही. वाहतुकीची सेवा म्हणून या गाडीला नाव ठेवायला जागा नाही. परंतु खिडकीत बसून देश पाहता येईल, या आशेने कोणी तिकीट काढणार असेल, तर त्याने काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, सुरू झालेल्या या टोकियो–शिन-ओसाका मार्गावर गाडी आज ताशी २८५ किलोमीटरपर्यंत धावते, आणि तो वेग आत बसून जाणवत नाही, इतका प्रवास स्थिर असतो. मात्र मार्गाच्या कडेने बऱ्याच ठिकाणी आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत, ओदावाराच्या पुढे बोगद्यांची रांग लागते, आणि अतामीचा समुद्र दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होतो. खरे दृश्य एकच, फुजी पर्वताचे. टोकियो सोडल्यावर सुमारे पाऊण तासाने, शिन-फुजी स्थानकाच्या आसपास, तो उजव्या बाजूला उभा राहतो. त्यासाठी आरक्षण करतानाच ‘ई’ क्रमांकाची खिडकी मागून घ्यावी. हिवाळ्यातल्या सकाळी आकाश निरभ्र असण्याची शक्यता बरी असते, उन्हाळ्यात बहुधा ढगच पाहावे लागतात.

सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ क्योटोला सव्वादोन तासांत पोहोचवते. ‘हिकारी’ला साधारण पंचवीस मिनिटे अधिक लागतात, आणि सहलीला आलेल्या माणसाला तेवढ्याने काही बिघडत नाही.

पैशांचा हिशेब मात्र नीट मांडावा. परदेशी प्रवाशांसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली, आणि ‘नोझोमी’साठी त्यावर वेगळे पैसे भरावे लागतात. टोकियो–क्योटोचे एका बाजूचे भाडे सुमारे १४ हजार येन असल्यामुळे जाऊन-येऊनही पासची निम्म्याहून थोडी अधिकच रक्कम वसूल होते. हिरोशिमापर्यंत जाऊन परत आले तरी तूट उरतेच. तरीही पास घ्याच, असा आग्रह आम्हाला आपल्याकडच्या दोन सहल-सल्लागारांनी केला होता. आम्ही सुटी तिकिटे काढली.

खाण्याची सोय स्थानकावरच करून घ्यावी, कारण या मार्गावरील साध्या डब्यांतली फिरती विक्री २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. ‘एकिबेन’ हे स्थानकावरचे जेवणाचे डबे देखणे असतात, पण शाकाहाऱ्यांनी जपून राहावे, कारण नुसत्या भाजीतही माशाचे पाणी असू शकते; आमच्याजवळच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उपयोगी पडली. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल, तर तिच्यासाठीची जागा आसनाबरोबरच आरक्षित करावी लागते.

वेळ हाताशी असेल, तर क्योटोच्या पुढे हिमेजीला उतरावे. १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला तिथला पांढरा किल्ला स्थानकातूनच समोर दिसतो, सामान लॉकरमध्ये ठेवून वीस मिनिटांत पायी तिथे जाता येते, आणि गाडीच्या काचेतून निसटलेले बरेच काही तिथे निवांत पाहता येते.